नग किती, हे आधी विचारू नका

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच. वडील उद्यमनगरात अडतीस वर्षं टर्नर होते. आमचं घर शेडच्या मागच्या बोळात, त्यामुळं लहानपणी लेथ चालू असताना मला गाढ झोप लागायची आणि लेथ थांबला की जाग यायची. पुढं मी जीवरसायनशास्त्र शिकले, इथल्याच एका कॉलेजात ते शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हे पत्र लिहायला कारण झालंय ते माझ्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यातल्या टायटॅनियमच्या तीन कांड्या. एक खड्डे पडलेली, एक तडकलेली आणि एक चांगली.

मुद्दा आधीच सांगून टाकते. लसीवरच्या संशोधनात आणि लस बनवण्याच्या काही टप्प्यांवर अल्ट्रासाउंड लागतो. त्या यंत्राचा सगळ्यात जास्त झिजणारा भाग, म्हणजे ही कांडी, तुमच्या हातांना जमण्यासारखा आहे. तरी तो कोल्हापुरात होत नाही. कारण आमच्यासारखं कुणी ड्रॉइंग घेऊन दारात आलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, नग किती?" आम्ही "दोन" म्हणतो आणि समोरचा माणूस चहा मागवतो. चहा संपला की विषयही संपतो.

अल्ट्रासाउंड म्हटलं की आपल्याकडं सोनोग्राफीच आठवते, आणि त्याला कारणही आहे. २००१च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं फक्त ८३९ मुली होत्या. तो डाग याच आवाजाच्या यंत्रानं लावला. आमच्या कॉलेजात पहिलं सोनिकेटर, म्हणजे मी म्हणते ते कांडीचं यंत्र, आलं तेव्हा भांडार विभागानं बिल अडवून ठेवलं होतं. "सोनोग्राफी मशिनला परवाना लागतो, तो जोडा." मी सांगितलं, यात चित्र दिसत नाही, पडदाच नाही. ते म्हणाले, "मग बघता काय त्यात?" शेवटी एक शिपाईमामा येऊन यंत्र बघून गेले आणि वर जाऊन म्हणाले, "साहेब, ते मिक्सरसारखं हाय." बिल पास झालं. व्याख्या अगदीच चुकीची नव्हती.

तुम्हाला मात्र हा आवाज नवीन नाही. तुमच्या कास्टिंगची यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक तपासणी, होते ती याच आवाजानं. एसजी आयर्नचा, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोल गाठींत असतं त्या ओतीव लोखंडाचा, गाठाळपणा नीट उतरलाय की नाही हे तुम्ही आवाजाच्या वेगावरून ओळखता. सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर वेग मिळाला की तुमचा जीव भांड्यात पडतो. तो आवाज हलका असतो, नुसता आरपार जाऊन निरोप घेऊन येतो. सोनिकेटरचा आवाज निरोप्या नाही. तो पैलवान आहे.

त्याचं काम समजायला पुस्तक नको, नदीकाठचा पंप पुरे. उपसा पंप खूप उंचावर बसवला आणि फूटव्हॉल्व्ह निम्मा तुंबला, की पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. आत खडा एकही नसतो. ओढीमुळं पाण्याचा दाब इतका उतरतो की थंड पाणीच उकळायला लागतं, त्याचे बुडबुडे होतात आणि पुढं दाब मिळाला की ते आत कोसळतात. इंपेलर उघडला की पानावर वाळवी लागल्यासारखे खड्डे दिसतात. असे इंपेलर तुम्ही शेकड्यांनी बदलून दिले असतील, गिऱ्हाइकाला सक्शन कमी करा म्हणून झापलंही असेल.

सोनिकेटर हा उपद्रव मुद्दाम घडवून आणतो. धातूची कांडी द्रवात बुडवायची आणि सेकंदाला २०,००० वेळा मागंपुढं हलवायची. हालचाल मायक्रॉनमध्ये, शंभराच्या आतबाहेर. कांडी मागं सरकली की तिच्यासमोर दाब उतरतो, बुडबुडे होतात. पुढं आली की फुटतात. फुटणाऱ्या बुडबुड्याच्या पोटात क्षणभर काही हजार अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब तयार होतो. तो क्षण इतका छोटा आणि जागा इतकी सूक्ष्म, की भांड्यातला द्रव नुसता कोमट होतो. पण शेजारी जिवाणू असेल तर त्याची भिंत फाटते.

लसीला याचा उपयोग काय? काही लसींमध्ये अख्खा रोगजंतू नको असतो, त्याचं एखादं प्रथिनच पुरतं. ते प्रथिन बनवायचा गुण एखाद्या निरुपद्रवी जिवाणूत घालतात, जिवाणू वाढवतात. माल तयार होतो, पण कोठाराला दारच नसतं. भिंत फोडावी लागते. दुसरा उपयोग तेल आणि पाणी एकजीव करण्याचा. जनावरांच्या काही लसी तेलातल्या असतात. थेंब जितके बारीक आणि सारखे, तितकी लस टिकते आणि सुईतून सहज उतरते. चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्या करून त्यांत औषध किंवा प्रथिन भरायचं असेल तर प्रयोगशाळेत हीच कांडी वापरतात. आणि सगळ्यात साधा उपयोग, ज्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही, तो म्हणजे काचेच्या रिकाम्या कुप्या धुण्याचा. भरण्याआधी कुप्या अल्ट्रासाउंडच्या टाकीतून जातात, काचेला चिकटलेला कण न् कण सुटावा म्हणून. तुमच्यातले काहीजण इंजिनाचे भाग अशाच टाकीत धुतात.

आता डब्यातल्या पहिल्या कांडीची गोष्ट.

माझी शेवटची विद्यार्थिनी करवीर तालुक्यातली, घरी चार म्हशी. त्यातल्या दोन गाभडल्या. कारण निघालं ब्रुसेला. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना हे संकट सांगायला नको. गाभ पडतो, दूध जातं, आणि तोच जंतू माणसात आला की महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप देतो. त्यावर लस आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना एकदाच टोचतात. पण ती जिवंत लस आहे, गाभण जनावराला देता येत नाही आणि टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाही त्रास. म्हणून जगभर जंतूच्या बाहेरच्या आवरणातलं एखादं प्रथिन घेऊन सुरक्षित लस करता येते का, याचे प्रयत्न चालू आहेत. आमची पोरगी त्या मोठ्या कामाचा एक लहानसा तुकडा करत होती. जिवंत ब्रुसेला आम्ही हातात घेतला नाही, घ्यायचाही नसतो. फक्त त्याचं एक प्रथिन निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेत होतो.

भिंत फोडायचं काम बघण्यासारखं असतं. बर्फाच्या डब्यात नळी, नळीत ताकासारखा पांढुरका द्रव, त्यात कांडीचं टोक. दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद. बंद ठेवायचं कारण उष्णता. सलग चालवलं तर प्रथिन अंड्यासारखं शिजतं. टोक फार वर राहिलं तर फेस होतो आणि फेसातही प्रथिन मरतं. फार खाली गेलं तर नळी फुटते. २०,००० कंपांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही म्हणतात, पण यंत्राजवळ उभं राहिलं की दातात कळ येईल अशी किंचाळी येतेच. ती बुडबुड्यांची. चार-पाच मिनिटांत द्रव आधी शेंबडासारखा चिकट होतो, कारण जिवाणूंच्या पोटातला डीएनए बाहेर येतो. मग त्याचेही तुकडे पडतात, द्रव पातळ होतो आणि नळीपलीकडचं बोट दिसायला लागतं. बोट दिसलं की झालं.

एके दिवशी बोट दिसलं, पण द्रव यंत्रात गरगर फिरवून घेतल्यावर तळाच्या साक्यात करड्या रंगाची रेघ होती. दुसऱ्या दिवशी जास्त ठळक. कांडी उलटी करून बघितली तर टोकाला इंपेलरसारखेच खड्डे. टायटॅनियमचे कण झडून प्रथिनात मिसळत होते. आमच्या कामात नमुना फेकून देऊन भागलं. लसीच्या कारखान्यात असा कण म्हणजे अख्खी बॅच बाद. म्हणून तिथं कांडीचे तास मोजतात आणि दिसायला चांगली असली तरी मुदत संपली की बदलतात. थोडक्यात, ही वस्तू झिजणारच, पुन्हा पुन्हा लागणारच. धंद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

नवी कांडी मागवली. ती यायला सात महिने लागले. एका पोरीचं संशोधन बोटाएवढ्या धातूसाठी कित्येक महिने अडकलं. मधल्या काळात तिनं गोठवून-वितळवून भिंती फोडायचा प्रयत्न केला. एका कामाला दोन दिवस, आणि प्रथिन निम्मंही निघायचं नाही.

म्हणून मी उद्यमनगरात आले. पाच ठिकाणी गेले. पाचही ठिकाणी "नग किती?" सहाव्या ठिकाणी वडिलांचे जुने सहकारी भेटले, वय सत्त्याहत्तर, अजून स्वतःच्या लेथवर. त्यांनी कांडी हातात घेतली, नखानं वाजवली आणि म्हणाले, "हिचा सूर गेलाय, पोरी." मला तेव्हा वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

त्यांनी आधी तोंड घासून सपाट केलं. खड्डे खोल होते, एकंदर तीन मिलिमीटर गेले. आरशासारखं झालं. यंत्राला लावलं तर कांडीला कंप देणाऱ्या जनरेटरचा लाल दिवा, ओव्हरलोड. तेव्हा मी, आयुष्यभर हे यंत्र वापरणारी बाई, पहिल्यांदा गणित मांडायला बसले. टायटॅनियममधून आवाज सेकंदाला साधारण ५,००० मीटर जातो. सेकंदाला २०,००० कंप म्हणजे एका लाटेची लांबी २५ सेंटिमीटर. कांडी बरोबर अर्ध्या लाटेची, साडेबारा सेंटिमीटर लागते, तरच ती घंटेसारखी वाजते. तीन मिलिमीटर काढले की तिचा सूर काही शे कंपांनी वर जातो, आणि जनरेटर आपल्या जुन्याच सुरावर अडून बसतो. काकांना लाटेची लांबी ठाऊक नव्हती. नखाला ठाऊक होती.

दुसरी कांडी त्यांनी नव्या बारमधून केली. ग्रेड पाच टायटॅनियम, सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम. हा धातू लेथवर कसा छळतो हे तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. उष्णता चिपबरोबर जातच नाही, टूलच्या टोकाशी साठते. चिप पेटली तर विझवताना पाणी चालत नाही. काकांनी वेग उतरवला, कूलंट सोडलं, दर कटाला धार बघितली. कांडी लागली, वाजली, द्रव पातळ झाला. आम्ही पेढे वाटले. चाळीसेक तासांनी ती जाड भागातून बारीक भागात उतरते तिथं तडकली. कोपरा काटकोनात काढला होता. ड्रॉइंग मी दिलं होतं, चूक माझी. त्यांनी शिव्या घातल्या नाहीत, नुसतं म्हणाले, "असा कोपरा मी क्रँकशाफ्टला ठेवला असता तर तुझ्या बापानं मला हाकलला असता."

तिसऱ्या कांडीला कोपऱ्यात भरपूर गोलाई दिली. ती टिकली. पोरीचं काम त्याच कांडीवर पूर्ण झालं. मागवलेली कांडी आली तेव्हा खोकं उघडायचीही कुणाला घाई नव्हती.

आता तुमच्यातला हिशेबी माणूस म्हणेल, मॅडम, म्हणजे लसीच्या कारखान्यांची ऑर्डर मिळेल का? नाही, लगेच नाही, आणि तसं स्वप्न मी विकणारही नाही. मोठ्या प्रमाणावर पेशी फोडायला कारखाने बहुतेक वेळा उच्च दाबाचे होमोजनायझर वापरतात. हिपॅटायटिस बी ची लस यीस्टमध्ये बनते, तिथं तेच. कोविडच्या काळात गाजलेल्या एमआरएनए लसींतले चरबीचे कण दोन द्रवांच्या धारा एकमेकींवर आदळून करतात, कांडी बुडवून नाही. कोव्हॅक्सिनमधला विषाणू रसायनानं निष्क्रिय केला जातो. नुसत्या अल्ट्रासाउंडनं जंतू मारून लस करायचे प्रयोग झालेत, पण मारण्याच्या बाबतीत "बहुतेक मेले" हे उत्तर चालत नाही. १९५५ साली अमेरिकेत पोलिओच्या लसीतला विषाणू काही बॅचमध्ये पुरता निष्क्रिय झाला नव्हता आणि लस घेतलेल्या मुलांनाच पोलिओ झाला. हे काम मापाच्या बाहेर जाऊन करायचं नसतं, हे वाक्य तुमच्या शॉप फ्लोअरवर रोज बोललं जातं.

पण लस आधी एखाद्या नळीत जन्मते आणि अशा कित्येक नळ्यांत ही कांडी असते. विद्यापीठं, पशुवैद्यकीय महाविद्यालयं, औषधांच्या संशोधन शाळा, सगळीकडं सोनिकेटर आहेत आणि त्यातले कित्येक कापड पांघरून बसलेत, कांडीपायी. सोनिकेटर आपल्या देशातही बनतात, नाही असं नाही. सुटा भाग पटकन, मापात आणि कागदपत्रांसह देणारा माणूस सापडत नाही, अडचण तिथं आहे. कागदपत्रं म्हणजे धातूचा दाखला, माप, सूर किती कंपांवर लागतो त्याचा रिपोर्ट, किती तासांनी बदला त्याची सूचना. आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, ऑडिट ज्यांनी झेललंय त्यांना हे अवघड आहे असं मला कुणी सांगू नये.

दोष आमच्याकडंही आहे, तो लपवत नाही. आम्ही प्राध्यापक मंडळी तुमच्या दारात यायला लाजतो. आलो तर तोंडी मापं सांगतो, किंवा काटकोनी कोपऱ्याचं ड्रॉइंग आणतो. शिवाजी विद्यापीठ आणि शिरोली यांच्यात अंतर किती? वडापनं अर्धा तास. मी तीस वर्षांत ते अंतर किती वेळा कापलं, तर एकदा. तेही नाक दाबल्यावर.

माझी मागणी मोठी नाही. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीच्या कारखानदारांची स्मॅक आणि गोकुळ शिरगावची गोशिमा, तुम्ही तिघांनी मिळून एक टेबल मांडा. त्यावर कांडीचा सूर मोजणारं इम्पिडन्स ॲनालायझर ठेवा. ते एका कारखान्याला महाग पडेल, तिघांना नाही. एखाद्या नव्या पोराला, डिप्लोमा झालेल्या, त्यावर बसवा. महिन्यातून एक दिवस कॉलेजवाल्यांना सांगा, तुमच्या खराब कांड्या घेऊन या. काय करता येईल ते बघा, जमत नसेल तर नाही म्हणा. पण नग किती हे त्या दिवशी विचारायचं नाही, एवढी एक अट.

अशी अट या गावाला नवी नाही. १९१८च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, तेव्हा एकच नग हवा होता. आणि लसीचं म्हणाल तर १८९७ साली मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस केली ती काही चकचकीत कारखान्यात नाही. रस्सा भरलेल्या चंबूंमध्ये वर तुपाचे नाहीतर खोबरेल तेलाचे थेंब सोडायचे, जंतू त्या थेंबांना लटकून पारंब्यांसारखे खाली वाढायचे, मग चंबू हलवून त्या पारंब्या तोडायच्या. पहिली सुई १० जानेवारीला त्यानं स्वतःला टोचून घेतली. मला त्यातलं चंबू हलवणं आवडतं. आम्ही आज करतो ते तेच, फक्त सेकंदाला २०,००० वेळा.

आणखी एक गोष्ट, जी लिहू की नको असं झालं होतं. २०२२ साली लम्पी आली तेव्हा आमच्या त्या विद्यार्थिनीच्या शेजारच्या गोठ्यात दोन बैल गेले. त्या वेळी गायीबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली जात होती, कारण हाताशी तीच होती. ती उपयोगाची ठरली हे खरं. पण पुढच्या साथीला हाताशी काय असेल ते आजच्या नळ्यांवर अवलंबून आहे, आणि त्यातल्या किती नळ्या कांडी नाही म्हणून रिकाम्या उभ्या आहेत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मी असोसिएशनच्या दारात येईन. तिन्ही कांड्या, ड्रॉइंगची दुरुस्त केलेली प्रत आणि साक्यातल्या करड्या रेघेचा फोटो घेऊन. काकाही येतो म्हणालेत, गुडघा बरा असला तर. मापं तिथंच घेऊ. मायक्रोमीटर माझ्याकडं आहे, वडिलांचा. दोन शतांश मिलिमीटर जास्त दाखवतो, तेवढे वजा करा.

आपली,
उद्यमनगरातल्या एका टर्नरची मुलगी
कोल्हापूर